लग्नाआधीची पंगत

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, मामाच्या लग्नाच्या व्हिडिओत सगळे आधी जेवतात आणि मग लग्न लागतं. असं का?" तुझ्या धाकट्या भावाला वाटलं, व्हिडिओच उलटा लागलाय. व्हिडिओ सुलटा आहे. मी सांगायला लागले तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. अर्धवट सांगितलेली गोष्ट मला सोसत नाही, म्हणून लिहून काढते. मराठी वाचायचा कंटाळा आला तर आईकडून वाचून घ्या.

तेव्हा तुमचे आईबाबा औरंगाबादला राहत होते आणि तू आईच्या पोटात होतीस. आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे हैदराबादला, हे ठरलेलंच होतं. त्यातच मामाचं लग्न निघालं. तेही इथेच, बरकतपुऱ्यात, आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा हॉलमध्ये. माझं म्हणणं एवढंच होतं की तिने लवकर यावं, प्रवास एकदाचा उरकावा आणि लग्नापर्यंत स्वस्थ पडून राहावं. पण तुझी आई बँकेत नोकरीला. रजा जितकी उशिरा सुरू होईल तितकी ती बाळासोबत जास्त काढता येईल, असं तिचं गणित. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी औरंगाबादला गाडीत बसायचं, रविवारी सकाळी काचीगुड्याला उतरायचं आणि आंघोळ करून थेट हॉलवर यायचं, असा बेत तिने परस्पर ठरवून टाकला.

"एका रात्रीचा तर प्रवास आहे, आई."

"रात्र एक असली म्हणून अंतर कमी होत नाही."

"माझ्या वेळी तू आठव्या महिन्यात शाळेत शिकवत होतीस. तिसऱ्या मजल्यावर."

"शाळा जागची हलत नव्हती."

ती हसली. विमानाचं मी सुचवून पाहिलं. तिकडच्या डॉक्टरांनी रेल्वे बरी म्हणून सांगितलं होतं, आडवं होता येतं, पाय मोकळे करता येतात. तुमचे बाबा सोबत असणारच होते. आजोबांकडे तक्रार नेली तर ते म्हणाले, "पोट तिचं, डॉक्टर तिची, भाऊ तिचा. आपण स्टेशनवर वेळेवर जायचं." झालं. विषय मिटला, फक्त माझ्या डोक्यात तो मिटेना.

शेजारच्या तेलुगु बाईंनी त्यात भर घातली. दिवस भरत आलेल्या बाईने मोठी नदी ओलांडायची नसते म्हणाल्या. औरंगाबादहून यायचं तर नांदेडनंतर गोदावरी लागतेच. आजोबा ते ऐकून हसले आणि आपण असलं काही मानत नाही म्हणाले. खरंच, आपण बौद्ध झालो तेव्हापासून आपल्या घरात शकुन-अपशकुन, ग्रह, मुहूर्त, काही नाही. मीही मानत नाही. पण त्या आठवड्यात मला कधी कधी वाटायचं, मानत असते तर सोपं गेलं असतं. नवस बोलले असते, नारळ ठेवला असता आणि अर्धी काळजी देवावर टाकून झोपले असते. आपल्याकडे ती सोय नाही. काळजी करायची तर सगळी स्वतःच करावी लागते.

आता आजोबांच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इतर लोक मुहूर्ताची वेळ पाळतात. आपल्याला मुहूर्त नाही, म्हणजे वाटेल तेव्हा लग्न लावायचं असं नाही, हे आजोबांचं तत्त्व. "त्यांची वेळ चुकली तर पंचांगाला सांगून सुटतात. आपली चुकली तर आपणच ढिले." पत्रिकेवर जी वेळ छापली ती वेळ. त्यांनी स्वतःच्या पुतणीचं लग्न नवरदेवाचे मामा बाहेर चहा पीत उभे असताना लावलं होतं. ते मामा त्यांच्याशी अजून बोलत नाहीत. मामाच्या पत्रिकेवर साडेअकरा छापलं होतं, त्यालाही कारण होतं. लग्न लावायला येणारे भन्तेजी, म्हणजे आपले भिक्खू, दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत. साडेअकराला वंदना, प्रतिज्ञा, फुलं टाकली की लग्न झालं, आणि बाराच्या आत भन्तेजींचं भोजन. सगळं कसं बसवलेलं होतं.

रविवारी सकाळी बाबांचा मेसेज आला. कामारेड्डीच्या अलीकडे गाडी उभी आहे. पुढे काहीतरी काम चाललंय म्हणतात. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, अजून वेळ आहे. जरा वेळाने दुसरा मेसेज, अजून तिथेच. मग गाडी सुटली आणि पुन्हा थांबली. मी पांढरी साडी नेसून हॉलवर गेले. तिथे मला बसवेना. स्टेजवर तथागतांच्या मूर्तीपुढच्या मेणबत्त्या सरळ केल्या, पिंपळाची पानं पुसली, खुर्च्यांच्या रांगा ओढून नीट केल्या, फाटकापर्यंत जाऊन आले आणि परत त्याच खुर्च्या ओढायला लागले. हॉलचे मॅनेजर शेवटी म्हणाले, "अम्मा, आप बैठ जाओ ना. कुर्सियां मेरे आदमियां देख लेते."

"बैठके क्या करूं?"

"वो तो मेरेकू नई मालूम. पन कुर्सियां घिस जातीं."

मधेच एकदा तुझ्या आईने स्वतः फोन घेतला. "मी मजेत आहे. तू हॉल सोडून येऊ नकोस."

"काही खाल्लंस का?"

"हो गं." तिचा आवाज कोरडा लागला. मी म्हटलं, फोनमुळे असेल.

अकरा वाजून गेले. नांदेडची मंडळी, म्हणजे तुझ्या मामीकडची, हॉलमध्ये येऊन बसली. त्यातल्या बऱ्याच जणांना दुपारच्या गाडीने परत जायचं होतं. काहीजणांनी मधल्या वेळात अफझलगंजला जाऊन मसाले आणले होते, त्यांच्या पिशव्यांचा वास पंख्यांबरोबर फिरत होता. मामा नवरदेवाच्या खोलीत पांढऱ्या शेरवानीत बसला होता. मी दाराशी गेले की तो मान वर करायचा. "ताई कुठवर आली?" मी मेडचल म्हणायचे. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

आजोबा घड्याळ बघत स्टेजजवळ उभे होते.

मी म्हटलं, "थोडं थांबू या."

"पत्रिकेवर साडेअकरा आहे."

"तुमची लेक आहे ती."

"म्हणूनच. दुसऱ्यांच्या लेकीबाळींसाठी मी कधी थांबलो नाही. आता स्वतःच्या लेकीसाठी कसा थांबू?"

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की त्यांनाही थांबायचं होतं. पण इतकी वर्षं बोललेलं त्यांच्या आड उभं होतं. माझ्या डोक्यात एकदम आलं आणि मी म्हटलं, "साडेअकराला सुरू करा. पण लग्न नको, भाषण सुरू करा."

आपल्याकडच्या लग्नात भाषणांचा सुकाळ असतो, तुम्ही पाहिलं नाहीत. माईक दिसला की कोणीतरी उठतं. आमच्या घरात उठणारे म्हणजे परभणीचे आजोबा, तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. पत्रिका द्यायला गेले तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, भावजी, या लग्नात एकही भाषण नाही. ते तेव्हापासून रुसलेले, अगदी शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"भावजी, चार शब्द बोलता का?"

"मी? नाही बा. तुम्हीच म्हणल्या, भाषण म्हणजे पाव्हण्यांना शिक्षा."

"म्हणाले होते."

"मग आता पाव्हण्यांनी काय गुन्हा केला?"

"पोरीची गाडी यायची आहे हो."

ते एकदम उठले. खिशातला कंगवा काढून केस सारखे केले. "कुठवर बोलू?"

"ती येईस्तोवर."

"मग आपल्या आजोबापासून धरतो," ते म्हणाले आणि बरोबर साडेअकराला त्यांनी माईक हातात घेतला. तुमच्या आजोबांनी घड्याळ पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला होता.

मला मात्र तिथे उभं राहवेना. गाडी मलकाजगिरीला आली असा बाबांचा मेसेज येताच मी टॅक्सी करून काचीगुड्याला गेले. काचीगुडा म्हणजे आमच्या दारातच, तरी मला ती टॅक्सी रांगतेय असं वाटत होतं. गाडी आली. डब्याच्या दारात बाबा दिसले, दोन्ही हातांत बॅगा. त्यांच्यामागे तुझी आई, पांढरी साडी नेसून तयार. हलत्या गाडीत नेसली होती, निऱ्या तिरक्या झाल्या होत्या. पाय सुजून चपलेबाहेर आलेले, ओठ सोललेले. मला बघून हसली. मी ती हसली एवढंच धरून ठेवलं.

टॅक्सीत मी सारखी बोलत होते. मामी कशी दिसते, भावजी कसे बोलताहेत, भन्तेजी आलेत. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. पोटावर हात होता, पण तो फिरत नव्हता. नुसता दाबून धरला होता.

"आई, एक सांगू? ओरडू नकोस."

"काय?"

"सकाळपासून हललं नाही."

बाबा पुढच्या सीटवरून वळले. त्यांनाही ती हे पहिल्यांदाच सांगत होती.

"रोज गाडीत बसलं की लाथा मारतं. रात्री पण मारत होतं. गोदावरीच्या पुलावर हललं, ते शेवटचं. मग मला झोप लागली. उठल्यापासून काही नाही."

पूल म्हटल्याबरोबर शेजारच्या बाईंचा आवाज कानात आला. आणि त्यापाठोपाठ मला स्वतःचा इतका राग आला की मी ड्रायव्हरवर ओरडलेच. हॉल नको, दवाखान्यात घे म्हटलं.

"आधी हॉलवर जाऊ," तुझी आई म्हणाली. "पाच-दहा मिनिटांचं तर लग्न असतं आपल्यात. ते झालं की जाऊ."

"नाही."

"तो माझ्यासाठी थांबला असेल."

"थांबू दे."

बाळंतपणासाठी जिथे तिचं नाव घातलं होतं, तो दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. रविवार असल्यामुळे बाहेरची बाकं मोकळी होती. नर्स "कूर्चोंडी अम्मा" म्हणाली, म्हणजे बसा. मी बसले नाही. एका तरुण डॉक्टरीणबाईने तुझ्या आईला आडवं केलं, पोटावर गार जेल लावलं आणि ठोके ऐकायचं छोटं यंत्र फिरवायला सुरुवात केली. आधी नुसती खरखर. मग एक संथ ठोका आला आणि मी पुढे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ये मां का है." यंत्र खाली सरकवलं, बाजूला घेतलं, परत वर आणलं. खरखर. नर्स मला हळूच म्हणाली की चालणं थांबवा, चपलांचा आवाज होतोय. मी चालते आहे हे मला माहीत नव्हतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि तशीच उभी राहिले.

आणि मग डाव्या बाजूला, अगदी खाली, तो सापडला. कोणीतरी घाईघाईने शिलाई मशीन चालवावी तसा. तुझा ठोका मी पहिल्यांदा असा ऐकला, हातात चपला धरून.

तुझी आई रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिचा ओठ पाहिला, जीभ पाहिली. "पानी कब पिया?"

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "बाटली कालपासून तशीच आहे. मला वाटलं, तिने दुसरी घेतली असेल."

"बाथरूमला जावं लागू नये म्हणून नाही प्यायले," ती म्हणाली. "गाडी हलते. तिथे सगळं ओलं असतं. पाय घसरला असता तर?"

खाल्लंही नव्हतं तिने, त्याच कारणाने. इतकी जपत होती तुला की तुला पाणी पोचेना. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ठोके चांगले आहेत, पण बाळ हललेलं मला दिसलं पाहिजे. तोवर कुठे जायचं नाही. सलाईन लावलं, गोड सरबत पाजलं, डाव्या कुशीवर निजवून पोटाला ठोके मोजायचा पट्टा बांधला.

मी बाहेर येऊन आजोबांना फोन लावला. मागे भावजींचा आवाज येत होता, ते एव्हाना निजामाच्या काळापर्यंत पोचले होते.

"कुठे आहात? गाडी आली ना?"

"दवाखान्यात आहोत." मी सगळं सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही लग्न लावून घ्या. पाहुण्यांची गाडी आहे. आम्हाला किती वेळ लागेल सांगता येत नाही."

"हललं की फोन कर," ते म्हणाले.

"आणि लग्न?"

"आपल्याला कुठे मुहूर्त आहे?"

त्यांनी फोन ठेवला. मी आत गेले.

हॉलमध्ये पुढे काय झालं ते मला नंतर परभणीच्या आजोबांनी सांगितलं. बारा वाजायला आले होते. भन्तेजींना त्याआधी भोजन द्यायलाच हवं होतं, म्हणून त्यांना आतल्या खोलीत ताट वाढलं. ते पाहून तुमचे आजोबा स्टेजवर गेले आणि भावाच्या हातून माईक घेतला. "मंडळी, माझी लेक दवाखान्यात आहे. लग्न ती आल्यावर लागेल. भन्तेजी जेवायला बसलेत, तुम्हीही बसा."

मामीच्या आत्याबाई उभ्या राहिल्या. "लग्नाआधी पंगत? अवो, मग बारसंबी आधीच उरका की."

"तेवढ्यासाठीच थांबलोय, बाई," आजोबा म्हणाले. "बसा, वांग्याची भाजी गार होते."

पंगत बसली. पंगतीत माईकची गरज नव्हती, पण मी "ती येईस्तोवर" म्हटलं होतं, म्हणून परभणीचे आजोबा बोलतच राहिले. लोक जेवत होते, ते बोलत होते. नांदेडची काही मंडळी जेवून थेट स्टेशनवर गेली. त्यांनी लग्न पाहिलंच नाही. अजून भेटले की जेवण फार चांगलं होतं म्हणतात.

इकडे मी खाटेभोवती फेऱ्या घालत होते, आता अनवाणी. तुझी आई म्हणाली, "तू तरी जा. नवरदेवाची आई आहेस."

"मी तिथे काय करू? खुर्च्या सरळ करून झाल्या."

"आई, बस ना जरा. तुला बघून मला गरगरतं."

मी स्टुलावर बसले आणि लगेच उठले. सलाईनच्या थेंबांकडे पाहिलं. भिंतीवरचं गुटगुटीत बाळाचं चित्र पाहिलं आणि ते काढून टाकावंसं वाटलं. बाबा खिडकीपाशी पाठ करून उभे होते.

"थांब," तुझी आई म्हणाली.

"काय झालं?"

"बोलू नकोस." तिने डोळे मिटले. किती तरी वेळ काही नाही. मग तिने माझा हात ओढून पट्ट्याच्या खाली ठेवला. मला फक्त ताणलेली कातडी लागत होती. आणि मग आतून, एखाद्याने पांघरुणाखाली टाच वळवावी तसं काहीतरी सरकलं. परत सरकलं. मग तू अशी काही लाथ मारलीस की पट्टाच हलला.

"राग आलाय तिला," मी म्हटलं. मुलगी की मुलगा ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. तरी मी "तिला" म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी थोडा वेळ ठेवून घेतलं आणि मग सोडलं. खुर्चीवर बसायचं, पाणी पीत राहायचं, आणि संध्याकाळी परत दाखवायला यायचं, या बोलीवर.

हॉलवर पोचलो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. परभणीच्या आजोबांचा आवाज पार बसला होता. तुझी आई दारात दिसली तसं त्यांनी वाक्य अर्धं टाकलं, "असो" म्हणाले आणि माईक ठेवला. मामा धावत तिच्यापुढे आला.

"वेडे, पाणी नाही प्यायचीस?"

"तू आधी लग्न कर. मग रागव."

मामी स्टेजवरून स्वतः खाली आली. तुझ्या आईसाठी ठेवलेली गादीची खुर्ची तिने उचलायला लावून नवरा-नवरीच्या शेजारी ठेवली. "ताई, तुम्ही इथं बसा. उठायचं नाही, वंदनेला पण नाही." घरात येण्याआधीच तिने तुझ्या आईला दिलेला तो पहिला हुकूम. तुझ्या आईने तो मानला.

मग भन्तेजींनी लग्न लावलं. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा, फुलं. सगळ्यांनी तीनदा "साधू", म्हणजे उत्तम झालं, असं म्हटलं. मी पण म्हटलं, पण माझं लक्ष स्टेजवर नव्हतं. मी तुझ्या आईचा हात पाहत होते. तो पोटावर फिरतोय का, एवढंच. अधूनमधून ती माझ्याकडे बघून मान हलवायची, की हो, आहे.

त्यानंतर तू होईपर्यंत मी तिला जगू दिलं नाही. सकाळी चहा देताना विचारायचे, हललं का? भाजी निवडताना विचारायचे. ती पुस्तक वाचत असली की पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी. ती वैतागायची, "आई, ते झोपतं गं मधूनमधून. माणूस आहे." तू झालीस, चांगली खणखणीत रडत आलीस. वाटलं, आता हे विचारणं संपेल. पण तू पाळण्यात गाढ झोपलीस की मी बोट तुझ्या नाकाखाली धरायचे, आणि श्वास लागला नाही असं वाटलं की पायाला हळूच टिचकी मारायचे. तू दचकून उठायचीस. तुझी आई दारातून म्हणायची, "उठवलंस ना परत?"

आता तुम्ही तिकडे परदेशात रात्री झोपता तेव्हा इथे माझा सकाळचा चहा चाललेला असतो. तुझी आई फोन तुमच्या खोलीत नेते. अंधारात मला दोन पांघरुणं दिसतात, बाकी काही नाही. धाकटा सारखा कूस बदलतो, त्याची चिंता नाही. तुझं पांघरूण जागचं हलत नाही.

"तिला जरा हलव गं," मी म्हणते.

"आई, ती सहावीत आहे. उद्या तिची परीक्षा आहे."

"नुसता हात लाव."

ती हात लावते. तू झोपेत काहीतरी पुटपुटून भिंतीकडे वळतेस. मग मी फोन ठेवते.